वाचक विचारतात : चिनी-जपानी प्रोग्रॅममधली बिघडलेली अक्षरं

संत्र्याच्या ग्रेडिंगपासून सागवान कोरण्यापर्यंत चिनी यंत्रं आता तालुक्याच्या गावातही बसली आहेत. यंत्र चालतं, पण सोबतच्या सीडीतलं सॉफ्टवेअर बरेचदा युनिकोडच्या (सगळ्या भाषांच्या अक्षरांना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचं असतं आणि पडद्यावर भलतंच काही दिसतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पहिलं उत्तर लांब आहे, पण पुढची उत्तरं त्याच्याच आधाराने लिहिली असल्याने ते सोडून पुढे जाऊ नका.

प्रश्न : आमच्या संत्रा ग्रेडिंग लाइनचा कॉम्प्युटर विंडोज १० वर आहे. यंत्रासोबत आलेल्या प्रोग्रॅमच्या बटनांवर टोप्या आणि टिंबं लावलेली इंग्रजी अक्षरं येतात. कॉम्प्युटरवाल्याने चायनीज फाँट टाकून दिले, तरी तेच. आता काय करावं?
(वरूड, जि. अमरावती)

उत्तर : फाँटने फरक पडणार नव्हताच. श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमधली फाइल तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की असाच कचरा दिसतो आणि फाँट टाकला की मराठी परत येते. त्या सवयीमुळे आपल्याकडे जो तो आधी फाँटकडे धावतो. पण श्रीलिपीत एक बाइट (० ते २५५ मधला एक आकडा) म्हणजे एक आकृती, आणि सगळा संसार २५६ खणांत मावतो. चिनीचं तेवढ्यात भागत नाही. चीनने १९८० साली ठरवलेल्या जीबी २३१२ या प्रमाणातच ६,७६३ चिनी अक्षरं आहेत. म्हणून तिथे दोन बाइट मिळून एक अक्षर होतं. ते बाइट जोडीने वाचायचे की सुटे, हे फाँट ठरवत नाही. ते विंडोजमधलं कोडपेज, म्हणजे कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर हे सांगणारं कोष्टक, ठरवतं.

तुमच्या पडद्यावर काय घडतंय ते एका शब्दावर पाहा. 'चोंगवन', म्हणजे चिनी भाषा, हा शब्द अशा प्रोग्रॅममध्ये २१४, २०८, २०६, १९६ या चार बाइटनी साठवलेला असतो. चिनी कोडपेज ९३६ त्यांच्या दोन जोड्या लावतं आणि दोन चिनी अक्षरं दाखवतं. आपल्याकडच्या विंडोजवर पाश्चात्त्य कोडपेज १२५२ असतं. ते एकेक बाइट सुटा वाचतं, आणि मग दोन टिंबांचा ओ, पोटात आडवी रेघ असलेला डी, टोपीवाला आय आणि दोन टिंबांचा ए अशी ओळ उमटते. तुमच्या बटनांवर हे चौघं असतील तर मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकतो आहे.

तेव्हा कोडपेज बदलायचं. विंडोजचं बटन आणि आर एकत्र दाबून उघडलेल्या 'रन' चौकटीत आय-एन-टी-एल डॉट सी-पी-एल हे इंग्रजीत टाइप करून एंटर करा. 'रीजन'ची खिडकी उघडेल. तिच्यातल्या 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबवर खालच्या भागात 'लँग्वेज फॉर नॉन-युनिकोड प्रोग्रॅम्स' असं शीर्षक आहे. तिथलं 'चेंज सिस्टिम लोकेल' दाबा, यादीतून 'चायनीज (सिम्प्लिफाइड, चायना)' निवडा, ओके करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. रीस्टार्ट झाल्याशिवाय काहीच बदलत नाही. हे करायला अॅडमिन अकाउंट लागतं. तारीख आणि रुपयाची मांडणी 'फॉरमॅट्स' या वेगळ्या टॅबवर असते. तिथे इंग्लिश (इंडिया) आहे तसंच राहू द्या.

लोकेल निवडायच्या त्या छोट्या चौकटीत खाली 'बीटा : यूज युनिकोड यूटीएफ-८' असा एक चेकबॉक्स आहे. युनिकोड म्हटलं की चांगलंच असणार, असं वाटून पुष्कळ जण तिथे टिक करतात. जुन्या प्रोग्रॅमसाठी ती टिक घातक आहे, कारण तिच्यामुळे ९३६ च्या जागी यूटीएफ-८ चं कोडपेज बसतं आणि चिनी जोड्या पुन्हा मोडतात. टिक असेल तर काढा.

एवढं करूनही काही बटनं बिघडलेलीच राहिली, तर प्रोग्रॅम काढून टाका आणि लोकेल चिनी असतानाच पुन्हा टाका. पहिल्यांदा टाकताना इन्स्टॉलरने फोल्डरची आणि सेटिंगच्या फाइलींची नावं चुकीच्या कोडपेजने लिहिलेली असतात, आणि प्रोग्रॅम आता त्या फाइली बरोबर नावाने शोधतो.

यंत्र तैवानचं असेल तर 'चायनीज (ट्रॅडिशनल, तैवान)' निवडायचं, ते कोडपेज ९५०. जपानी यंत्राला 'जपानीज (जपान)', म्हणजे ९३२. कोरियन यंत्राला ९४९. चुकून जपानी निवडलं गेलं तर चिनी प्रोग्रॅममध्ये बारीक, अर्ध्या रुंदीच्या कातकाना या जपानी लिपीतल्या अक्षरांच्या रांगा दिसतात. वरचाच चार बाइटचा शब्द तेव्हा 'यो-मि-हो-तो' होतो. चीन आणि तैवान यांची अदलाबदल ओळखणं अवघड असतं, कारण अक्षरं खरीखुरी चिनीच दिसतात, फक्त त्यांना काही अर्थ नसतो. अशा वेळी यंत्राच्या नेमप्लेटवर देश कोणता लिहिला आहे ते पाहणं सगळ्यांत सोपं.

आता फाँटचं. टोप्या-टिंबांऐवजी रिकाम्या चौकटी दिसत असतील तर मात्र फाँटच कमी आहे. विंडोज १० मध्ये सिमसन आणि एमएस गॉथिक हे दोन फाँट मुळातच असतात आणि जुन्या प्रोग्रॅमचं त्यावर भागतं. सिमहेई किंवा काइती मागणारा प्रोग्रॅम असेल तर सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'चायनीज (सिम्प्लिफाइड) सप्लिमेंटल फाँट्स' घ्या. त्याला इंटरनेट लागतं.

आणि ओळीने प्रश्नचिन्हं दिसत असतील तर जरा थांबा. विंडोजला जे अक्षर चालू कोडपेजमध्ये बसवता येत नाही, त्याच्या जागी ते प्रश्नचिन्ह टाकतं. बटनांवर आणि मेन्यूत हे दिसत असेल तर लोकेल बदलल्यावर बहुधा सुटतं. पण यंत्राच्या रेसिपीच्या (कामाची मापं साठवलेल्या) किंवा सेटिंगच्या फाइलीत प्रश्नचिन्हं सेव्ह झाली असतील तर मूळ अक्षरं गेली. ती फाइल पुरवठादाराकडूनच पुन्हा घ्यावी लागेल.

प्रश्न : सागवानी दारं कोरायच्या सीएनसी राउटरचा (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कोरीव यंत्राचा) कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर आहे, नेट नाही. वरच्यासारखाच त्रास. एक्सपीतही हीच पद्धत का?
(आलापल्ली, ता. अहेरी, जि. गडचिरोली)

उत्तर : काही बदलण्याआधी प्रोग्रॅमचं फोल्डर आणि सोबतची सीडी नीट धुंडाळा. कंट्रोल सॉफ्टवेअरसोबत अनेकदा इंग्रजीची वेगळी एक्सई (प्रोग्रॅम चालू करणारी फाइल) किंवा भाषेची फाइल असते आणि टाकणारा घाईत चिनी टाकून निघून जातो. इंग्रजी सापडली तर पुढचं काहीच करायला नको.

नसेल, तर आधी अख्ख्या हार्ड डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. राउटरच्या कार्डाचा ड्रायव्हर आणि अक्षांची मापं त्याच डिस्कवर असतात. विंडोज बिघडलं तर अक्षरं तर सोडाच, दारंही बंद पडतील.

एक्सपीमध्ये काम दोन टप्प्यांत होतं. कंट्रोल पॅनेलमधल्या 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये 'लँग्वेजेस' टॅबवर 'इन्स्टॉल फाइल्स फॉर ईस्ट एशियन लँग्वेजेस' हा चेकबॉक्स आहे. त्यावर टिक करून 'अप्लाय' केलं की साधारण २३० एमबी जागा लागेल असं सांगितलं जातं आणि एक्सपीची सीडी मागितली जाते. फाँट आणि कोडपेजची कोष्टकं एक्सपीत आपोआप येत नाहीत, ती या टप्प्यात येतात. त्यानंतर 'अॅडव्हान्स्ड' टॅबवर जाऊन नॉन-युनिकोड प्रोग्रॅमची भाषा 'चायनीज (पीआरसी)' करायची आणि रीस्टार्ट. पहिला टप्पा गाळून नुसता दुसरा केल्यानेच बहुतेकांची गाडी अडते.

सीडी ड्राइव्ह मेला असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर सीडीतलं 'आय ३८६' नावाचं संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि फाइल मागितल्यावर तोच रस्ता दाखवा. नेहमी अडतं ते सी-पी-एल-ई-एक्स-ई नावाच्या फाइलीपाशी. ती मिळत नाही असं आलं, तर सीडी वेगळ्या सर्व्हिस पॅकची आहे किंवा कुणीतरी काटछाट करून बनवलेली आहे. 'आय ३८६'मध्ये 'लँग' नावाचं उपफोल्डर आहे का ते पाहा. बाजारात फिरलेल्या हलक्या एक्सपी सीडींमधून नेमकं तेच उडवलेलं असतं. तशा सीडीवर डोकेफोड करू नका, पूर्ण सीडी मिळवा.

फाइली कॉपी होत असताना लाइट गेली तर अर्धवट काम निस्तरणं फार किचकट होतं. यूपीएस चार्ज करून घ्या आणि लोडशेडिंगची वेळ टाळा.

प्रश्न : एलईडी बोर्डाच्या सॉफ्टवेअरसाठी सिस्टिम लोकेल चायनीज केलं. ते झकास चालतं, पण पेजमेकरमधल्या सगळ्या मराठी लग्नपत्रिका बिघडल्या. मध्येच चिनी अक्षरं घुसली आहेत. फाइली गेल्या का?
(दिग्रस, जि. यवतमाळ)

उत्तर : उघडून फक्त पाहिल्या असतील तर गेल्या नाहीत. त्या अवस्थेत दुरुस्त्या करून सेव्ह केलेल्या पत्रिका मात्र एकेक तपासाव्या लागतील. दोन बाइट आता एक अक्षर म्हणून मोजले जात असल्याने एकदा बॅकस्पेस दाबलं की मराठीच्या दोन आकृत्या एकदम उडू शकतात. पेजमेकर बंद करा, लोकेल पुन्हा 'इंग्लिश (इंडिया)' करा, रीस्टार्ट करा आणि मगच फाइली उघडा.

भांडण कशावरून आहे ते समजून घ्या, कारण डीटीपी आणि बोर्डाचं काम एकाच कॉम्प्युटरवर करणारी दुकानं बरीच आहेत. श्रीलिपी काय, कृतिदेव काय, या जुन्या फाँटमधल्या कित्येक आकृत्या १२८ च्या पुढच्या क्रमांकावर बसवलेल्या आहेत. पाश्चात्त्य कोडपेज त्यांना एकेकटं सोडतं. चिनी कोडपेजमध्ये मात्र १२८ च्या पुढचा बाइट दिसला की तो जोडीतला पहिला धरून पुढच्याला त्याला चिकटवलं जातं. मराठी जोडाक्षराचे दोन तुकडे असे एकमेकांना चिकटले की त्यांचं एक चिनी अक्षर होतं. पेजमेकर ७ हा २००१ चा प्रोग्रॅम आहे आणि तोही युनिकोड जाणत नाही, त्यामुळे तो या तावडीत सापडतो. त्याच फाँटमधली वर्डची फाइल बहुधा ठीक दिसेल, कारण वर्ड आतून युनिकोड वापरतो.

विंडोजमध्ये एका वेळी असं एकच कोडपेज चालतं आणि ते कॉम्प्युटरच्या सगळ्या युजरना लागू होतं. वेगळं अकाउंट काढून उपयोग नाही. मराठीसाठी तर असं कोडपेज यादीतच नाही, त्यामुळे 'मराठी लोकेल निवडून पाहू' हाही मार्ग बंद.

तुमच्यासाठी सोईचा उपाय म्हणजे लोकेल एम्युलेटर नावाचा फुकट प्रोग्रॅम. तो फक्त निवडलेल्या प्रोग्रॅमला वेगळं कोडपेज भासवतो, बाकी विंडोज जसंच्या तसं राहतं. झिप उघडून फोल्डर कायमच्या जागी ठेवा, आतला इन्स्टॉलर चालवा, मग बोर्डाच्या सॉफ्टवेअरच्या एक्सईवर राइट-क्लिक करून त्याच्या मेन्यूत जा. तयार पर्याय जपानीचा असतो. चिनीसाठी त्या एक्सईची प्रोफाइल उघडून लोकेशन 'चायनीज (सिम्प्लिफाइड, चायना)' करायचं. त्याला डॉटनेट फ्रेमवर्क ४ किंवा पुढचं लागतं आणि ६४-बिट प्रोग्रॅमवर तो चालत नाही. जुनी यंत्रं-बोर्डांची सॉफ्टवेअरं बहुतेक ३२-बिटच असतात, त्यामुळे हा अडथळा क्वचितच येतो.

बोर्डाचं सॉफ्टवेअर ६४-बिट निघालं तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये दुसरं विंडोज टाकून त्याचं लोकेल चिनी ठेवा. कॉम्प्युटरला निदान ८ जीबी रॅम असू द्या. यूएसबीवरचा बोर्ड किंवा डाँगल (सॉफ्टवेअर उघडणारी यूएसबी किल्ली) आतल्या विंडोजला जोडून देता येतो. सीएनसीसारखं आत खोचलेलं पीसीआय कार्ड मात्र या मार्गाने चालेल असं धरून चालू नका. आमचं मत विचाराल, तर सीझनमध्ये पत्रिकांचा ढीग असलेल्या दुकानाने जुना दुसरा कॉम्प्युटर बोर्डालाच देऊन टाकावा.

प्रश्न : चिनी अक्षरं नीट दिसू लागली, पण काम सेव्ह करायला गेलं की 'फाइल सापडत नाही' अशा अर्थाची खिडकी येते. डेस्कटॉपवर 'कामे' नावाच्या फोल्डरमध्ये सेव्ह करतो.
(कारंजा लाड, जि. वाशीम)

उत्तर : फोल्डरचं नाव देवनागरीत आहे, तिथेच अडलं. देवनागरी अक्षरं ना १२५२ मध्ये आहेत ना ९३६ मध्ये. प्रोग्रॅमच्या हातात 'कामे'च्या जागी प्रश्नचिन्हं पडतात आणि त्या नावाचं फोल्डर कुठेच नसतं. डी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी अक्षरांचं, मधे जागा न सोडलेलं छोटं नाव देऊन फोल्डर करा आणि तिथेच सेव्ह करा.

विंडोजचं युजरनेम देवनागरीत असेल तरी हेच होतं, कारण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि टेंप ही फोल्डरं त्या नावाखालीच असतात. सेटिंगमध्ये नाव बदलून डिस्कवरच्या फोल्डरचं नाव बदलत नाही. इंग्रजी नावाचं नवीन अकाउंट काढणं हा स्वच्छ मार्ग.

प्रश्न : जपानी शिकते आहे. जुन्या शब्दकोशाच्या प्रोग्रॅमसाठी लोकेल जपानी केलं तर फोल्डरच्या पत्त्यातल्या उलट्या तिरप्या रेघेच्या जागी येनचं चिन्ह येतं. व्हायरस आहे का? शिवाय झिपमधून काढलेल्या काही फोल्डरांचे मधूनच दोन तुकडे होतात.
(वर्धा)

उत्तर : व्हायरस नाही. जपानच्या १९६९ च्या प्रमाणात ९२ क्रमांकाच्या खणात, जिथे अमेरिकी कोष्टकात उलटी तिरपी रेघ आहे तिथे, येनचं चिन्ह बसवलं गेलं. विंडोजच्या जपानी फाँटनी ते रूप आजही ठेवलं आहे. बाइट तोच, काम तेच. येन दिसतो तिथे रेघच समजा आणि टाइप करतानाही नेहमीचीच कळ दाबा.

फोल्डरचे तुकडे होतात त्यालाही हाच ९२ जबाबदार आहे. शिफ्ट-जिस पद्धतीत, म्हणजे जपानी कोडपेज ९३२ मध्ये, जोडीतला दुसरा बाइट ९२ असू शकतो. कातकानातला 'सो' १३१ आणि ९२ असा साठवला जातो. 'कोष्टक' या अर्थाची कांजी (जपानीतलं चिनी अक्षर) १४९ आणि ९२ अशी. एकेक बाइट वाचणाऱ्या अनझिप प्रोग्रॅमला तो ९२ म्हणजे फोल्डर बदलायची खूण वाटते आणि तो नाव तिथेच तोडतो. सॉफ्टवेअरला जपानीत 'सोफुतो' म्हणतात, म्हणजे पहिल्याच अक्षराला ठेच लागते.

झिपच्या जुन्या पद्धतीत नावं कोणत्या कोडपेजची आहेत याची नोंदच नसते, ती उघडणाऱ्याने सांगावी लागते. विनरारमध्ये झिप उघडून 'ऑप्शन्स' मेन्यूतल्या 'नेम एन्कोडिंग'मध्ये जपानी शिफ्ट-जिस निवडा. यादीतली नावं जागेवरच सुधारलेली दिसतील. मगच एक्स्ट्रॅक्ट करा. आधी काढलेली तुटकी फोल्डरं दुरुस्त करत बसू नका, सरळ डिलीट करा.

प्रश्न : कापसाच्या प्रेसच्या चिनी वजनकाट्याचा प्रोग्रॅम रोज गाठींची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) देतो. एक्सेलमध्ये आकडे बरोबर, मथळे कचरा. मुनीमजींनी तशीच सेव्हही केली.
(हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की एक्सेल चालू कोडपेज धरून चालतं. त्याऐवजी रिकामी शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये '९३६ : चायनीज सिम्प्लिफाइड' करा. खाली दिसणाऱ्या नमुन्यात मथळे सुधारले की 'लोड' दाबा. लिबर ऑफिस असेल तर सोपं. ते प्रत्येक सीएसव्ही उघडताना कॅरेक्टर सेट विचारतं. लोकेल बदलायची गरज दोन्हीकडे नाही.

सेव्ह झालेली फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात यूटीएफ-८ असं दिसत असेल आणि मजकुरात टोप्या-टिंबांची अक्षरं असतील, तर कचराच युनिकोडमध्ये पक्का झाला आहे. तरी तो बहुधा उलटवता येतो. मूळ फाइलीची कॉपी काढून तिच्यावर काम करा. 'एन्कोडिंग' मेन्यूतून 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' (म्हणजे चालू कोडपेजमध्ये बदला) करा आणि सेव्ह करा. मग त्याच मेन्यूत 'कॅरेक्टर सेट्स', 'चायनीज', 'जीबी २३१२' असं जा. चिनी मथळे दिसले की 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८-बीओएम' करून पुन्हा सेव्ह करा. बीओएम (यूटीएफ-८ ओळखण्याची फाइलीच्या सुरुवातीची खूण) असलेली फाइल एक्सेल डबल-क्लिकनेही नीट उघडतं. हे त्या कॉम्प्युटरचं लोकेल इंग्लिश असतानाच करायचं, नाहीतर पहिलीच पायरी चुकते. मजकुरात प्रश्नचिन्हं आली असतील तर उलटवायला मागे काही उरलेलं नाही. प्रोग्रॅममधून त्या तारखांचा अहवाल पुन्हा काढा.

प्रश्न : राइस मिलच्या सॉर्टरच्या प्रोग्रॅमसाठी अख्खं विंडोजच चायनीज करून घ्या, असं एकाने सुचवलं. आमचं विंडोज 'होम सिंगल लँग्वेज' आहे.
(आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : करू नका. विंडोजच्या मेन्यूंची भाषा आणि नॉन-युनिकोड प्रोग्रॅमचं लोकेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेन्यू चिनी झाले तर प्रिंटर जोडायलाही माणूस बोलवावा लागेल. सिंगल लँग्वेज आवृत्तीत मेन्यूंची भाषा बदलायला अडवणूक आहे, लोकेलला नाही. पहिल्या उत्तरातली कृती तिच्यावर जशीच्या तशी चालते.

अक्षरं बरोबर उमटू लागली की मोबाइलमधलं गुगल लेन्स पडद्यावर धरा, बटनांचा अर्थ बऱ्यापैकी लागतो. कचरा अक्षरांवर लेन्स धरून काही निघत नाही. प्रत्येक पानाचा फोटो काढून त्यावर मराठीत अर्थ लिहा आणि प्रिंट यंत्राशेजारी लावा. नेमकं 'सगळी सेटिंग पुसा' हे बटन कोणतं, तेवढं मात्र पुरवठादाराला फोन करून पक्कं करून घ्या.